फर्निचर, पाय बारा

जमीन गार असते हा जमिनीचा दोष आहे, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सांगलीच्या आदगोंडा मगदुमांनी ते अडुसष्टाव्या वर्षी म्हटलं. नुसतं म्हणून थांबले नाहीत, तर मोठा कागद, पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन तो दोष दुरुस्त करायला बसले. आण्णा, म्हणजे हेच आदगोंडा, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होते. त्यांनी कागदावर काढलेल्या कालव्यांपैकी काहींमध्ये पुढे पाणीही आलं होतं. तेव्हा आत्मविश्वास कमी असण्याचं काही कारण नव्हतं.

कारण वेगळंच होतं. त्यांच्या पत्नीची, चंदनबालाबाईंची, फुफ्फुसं आकसत चालली होती. छातीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, तेव्हा ती उलटी धरली आहे अशी शंका आण्णांनी काढली, कारण नकाशा उलटा धरलेला त्यांना खपत नसे. डॉक्टरांनी ती सुलटी केली. फरक काही पडला नाही.

"पुरानंतर तुमच्या भिंती वाळल्याच नाहीत, त्यात बाजारातली हळदीची धूळ," डॉक्टर म्हणाले. "दिवाळी झाली की यांना उंचावर न्या. जेवढे महिने मिळतील तेवढे बरे जातील. मात्र खालून गारठा लागता कामा नये. न्यूमोनिया झाला तर माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या कुणाची बायको असती तर तिला कॉटवर झोपवून प्रश्न मिटला असता. इथं व्रत आडवं आलं. अकरा वर्षांपूर्वी मिरजेला आण्णांची छाती उघडून हृदयाची दुरुस्ती चालू होती, तेव्हा चंदनबालाबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "हे उठून बसू देत. मी जन्मभर खाली झोपेन." आण्णा तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणाले. तेव्हापासून बाईंनी गादीला पाठ लावली नाही. आण्णा कॉटवर, बाई खाली चटईवर. एकाच खोलीत अकरा वर्षं दुमजली संसार चालला होता.

आता पाचगणीच्या थंडीत तरी व्रत सैल करावं, असं आण्णांनी सुचवून बघितलं.

"मी खाली झोपते. तुम्ही घर बांधा नाहीतर महाल. मी खालीच झोपणार."

बाई एवढं बोलल्या आणि श्वास गोळा करायला थांबल्या. आण्णांनी सवयीने मोजलं. अकरा शब्द. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी कृष्णेच्या पुलाच्या खांबावरची पट्टी वाचून पाणी किती फुटांवर आलं ते कळवण्याचं काम केलं होतं. आता त्यांनी बाईंच्या एका श्वासात किती शब्द बसतात ते वाचायला सुरुवात केली आणि नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा टाकला. ११. एरवी त्या कोपऱ्यात तारीख असते.

म्हणजे बाई जमीन सोडणार नव्हत्या. राहिली जमीन. तीच उबदार करायची होती, आणि दिवाळी सव्वा महिन्यावर होती.

पाचगणीच्या अलीकडे आण्णांची दोन गुंठे जागा पडून होती. कोयनानगरला हंबीरराव नावाच्या गृहस्थांनी पर्यटकांसाठी ओंडक्यांच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. पर्यटक आले नाहीत म्हणून ते त्या मोडत होते. त्यातली बारा फूट बाय दहा फुटांची एक खोली आण्णांनी आणली. प्रत्येक ओंडक्यावर आकडा घातलेला होता, १ ते १३२. भिंती होत्या, छप्पर होतं, दार होतं. फक्त जमीन नव्हती, कारण ती कोयनानगरलाच राहिली होती.

इन्सुलेटेड रेझ्ड फ्लोअर हे शब्द आण्णांनी मोबाइलवर वाचले आणि गल्लीत सांगितले. तिथं चूक झाली. मगदुमांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सल्ला देण्याची संपूर्ण जबाबदारी शेजाऱ्यांवर पडली होती आणि त्यांनी ती कधी टाळली नाही.

कल्पना साधी होती. जमिनीपासून दीड फूट उंच बारा लाकडी खांब, त्यावर फळ्यांचे दोन थर, आणि दोन थरांच्या मध्ये गारठा अडवणारं काहीतरी. घोडं त्या काहीतरीवर अडलं.

शेजारचे लालासाहेब एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले तरी अंगाला डिझेलचा वास होता. ते आटपाडीकडच्या बिरदेव नावाच्या मेंढपाळाला लोकरीच्या पोत्यासह थेट घरातच घेऊन आले.

"आण्णा, ह्याच्यापुढं थर्मास झक मारंल," लालासाहेब म्हणाले.

चंदनबालाबाईंनी पोत्याकडे बघितलं. "मेंढीची लोकर मेंढीलाच राहू दे की हो."

सात शब्द.

"आवं आक्का," बिरदेव दुखावला, "आमी मेंढरू न्हाई कापत, क्यास कापतुय. तुमच्या मालकांचं न्हावी कापतुय तसंच. मालक काय मेल्यात व्हय?"

सगळे आण्णांच्या डोक्याकडे बघू लागले. तिथं पुरावा म्हणून दाखवण्यासारखे फारसे केस नव्हते. बाई हसल्या, हसण्यातून खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत बिरदेवने स्वतःच पोतं उचलून बाहेर नेलं होतं. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "आक्काला बरं वाटूं द्या. पोतं पुन्यांदा आनतो." बरं वाटलं तर पोत्याची गरजच पडणार नव्हती, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मग भाताचा तूस. पाचगणीला आण्णांच्या जागेला लागून केरबाचं स्ट्रॉबेरीचं रान होतं. त्याने खाचरातला तूस देऊ केला. तुसात टोके, म्हणजे धान्यातले किडे, होतात, फळीखाली चिणून मरतील, म्हणून तूस गेला. उसाच्या चोथ्याला मुंग्या लागतील, म्हणून चोथा गेला. थर्माकोल उंदीर खातील. "उंदरांच्या पोटात दुखेल," बाई म्हणाल्या. उंदीर थर्माकोल खातात हे घरमालकाचं दुःख आहे, असं आण्णा तोवर समजत होते.

शेवटी बस्तीतल्या उपाध्यांनी सगळ्याच वस्तू एका फटक्यात निकालात काढल्या. आण्णा त्यांच्याकडे आधार शोधायला गेले होते.

"नुसती फळी चालते," उपाध्ये म्हणाले. "मुनिमहाराज फळीवर झोपतात, पाटावर झोपतात. पण दोन थर करून मध्ये ऊब येण्यासाठी काहीतरी भरलं, की त्या वस्तूला काय म्हणतात?"

"इन्सुलेशन."

"गादी म्हणतात, आण्णा."

आण्णा अपमान गिळून घरी आले आणि त्यांनी रागारागात एक चांगली गोष्ट केली. त्यांनी मध्ये काहीच भरायचं नाही असं ठरवलं. कोंडलेली, न हलणारी हवा गारठा अडवते हे त्यांनी वाचलं होतं. हवेला कुणी गादी म्हणणार नाही आणि हवा उंदीर खाणार नाहीत. मग त्यांनी दोन बाय सहा फुटांची दहा पॅनेलं आखली. प्रत्येकात वर फळी, खाली फळी, मध्ये बंद कप्पे, सांधे राळेने बुजवलेले. खांबांवर उंदीर चढू नयेत म्हणून पत्र्याच्या उलट्या टोप्या. तो नकाशा खरोखरच देखणा होता. खात्यात असता तर मंजूर व्हायला सात वर्षं लागली असती.

दिवाळी झाली. आण्णा पाचगणीला जाऊन राहिले आणि केरबाच्या मदतीने पॅनेलं ठोकू लागले. बाईंकडे बघायला लालासाहेबांच्या पत्नी मंगलवहिनी होत्या. अट एकच होती, झाकण ठोकण्यापूर्वी आत जीव नाही ना ते बॅटरी लावून बघायचं. सहा पॅनेलं निर्वेध गेली. सातव्यात कोळी निघाला. आण्णांनी फोन लावला.

"आधी त्याला बाहेर सोडा. मग बोला."

सहा. कोळ्याला मात्र घाई नव्हती. तो कप्प्याच्या कोपऱ्यात बसून राहिला. काडीने ढकलावं तर पाय मोडेल. केरबा म्हणाला, "आण्णा, म्या बगतो त्येच्याकडं, तुमी तिकडं तोंड करा."

"नको केरबा. तिला कळेल."

"हितं कुठं बगाय आल्यात वैनी?"

"तिला कळतं."

कोळी दोन दिवसांनी, स्वतःच्या सवडीने गेला. त्या दोन दिवसांचा हिशेब आण्णांनी पुढे बऱ्याचदा केला.

पॅनेलं खांबांवर बसली, भोवती ओंडके चढले. आता फक्त नगरपालिकेचा कागद हवा होता. खिडकीतल्या कीर्ती मॅडम अत्यंत सुस्वभावी होत्या. त्यांनी अर्ज हसतमुखाने परत केला.

"जोत्याची उंची लिहिली नाही, काका."

"जोतं नाहीच. खोली खांबांवर आहे, खालून हवा खेळते."

"रकाना रिकामा कॉम्प्युटर घेत नाही."

"मग शून्य लिहा."

"शून्य म्हणजे खोली जमिनीवर. तुमची तर जमिनीवर नाही."

"मग कुठं आहे?" आण्णांनी आवाज चढवला. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी रकान्यात गेलं होतं. रकान्याबाहेर पडल्याचा अनुभव नवा होता.

मॅडमनी बराच विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "जोतं नाही, पायांवर उभी आहे, सुटी करून हलवता येते. काका, ही इमारतच नाही! परवानगीच नको!" त्यांनी तिथल्या तिथं दाखला टंकून शिक्का मारून दिला. जागेवरील वस्तू: लाकडी फर्निचर. पाय: बारा.

आयुष्यात पहिल्यांदा कुठलं तरी काम एका खेपेत झालं होतं. आण्णा पेढे घेऊन सांगलीला आले आणि त्यांनी दाखला मोठ्याने वाचून दाखवला. चंदनबालाबाई चटईवर भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"पाय बारा? मग पलंगच हा."

पाच.

आण्णा म्हणाले तो शब्द फक्त सरकारी आहे. बाईंनी कागदावरचा शिक्का बोटाने दाखवला. आपल्या नवऱ्याच्या खात्याचा नसला तरी शिक्का हा शिक्का असतो, हे त्यांना चाळीस वर्षं आण्णांनीच शिकवलं होतं. आण्णा पुन्हा खिडकीवर गेले आणि फर्निचरऐवजी दुसरा शब्द घाला म्हणाले. कॉम्प्युटरमध्ये फर्निचर आणि जनावरांचा गोठा असे दोनच शब्द उरले होते. गोठ्याला परवानगी लागत होती.

उपाध्यांनी वाट काढून दिली. महाराजांच्या पाटालाही पाय असतात, पण चार बोटांचे. त्यावर जे उंच ते आसन, मंचक, पलंग. तेव्हा खांब कापा, चार बोटं ठेवा.

उभ्या खोलीचे पाय कापायचे तर खोली उचलून धरायला हवी. हे बसखाली अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाचं काम होतं. लालासाहेब कुठून तरी चार मोठे जॅक घेऊन पाचगणीला आले. खोली उचलली. नऊ पाय कापून झाले. पत्र्याच्या टोप्या आता पायांपेक्षा मोठ्या झाल्या होत्या आणि खोली टोप्या घातलेल्या बैठ्या माणसांच्या खांद्यावर असल्यासारखी दिसत होती. दहावा पाय कापायला घेतला आणि दुपारी बारा-सव्वाबाराला कोयनेकडची भुई हलली.

हलली म्हणजे नेहमीसारखीच हलली. केरबाने डोकंही वर केलं नाही. पण जॅकवरच्या खोलीला नेहमीचं म्हणून काही नव्हतं. तिने एकदा डावीकडे बघितलं आणि ती उजवीकडे बसली. ओंडके सहा ते एकोणीस रानात गेले. दार उघडेनासं झालं.

"एस्टी असती तर आशी बसली नसती," लालासाहेब म्हणाले. याचा अर्थ कुणी विचारला नाही.

टेलिव्हिजनवर धक्क्याची बातमी आली असणार. बाईंचा फोन आला.

"तुम्ही खाली नव्हता ना?"

चार. आण्णा आकडा लिहायला कोपरा शोधू लागले आणि कोपऱ्यात जागा उरली नव्हती.

खोली सरळ व्हायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळी दार पहिल्यांदा नीट उघडलं, आत ऊन आलं, आण्णा अनवाणी दहा पॅनेलांवरून चालले. बाहेर दवाने गवत पांढरं होतं आणि तळपायाखाली खरोखर गार लागत नव्हतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कागदावरची गोष्ट कागदावर लिहिल्याप्रमाणे वागली होती. ते गाडी ठरवायला निघाले आणि मंगलवहिनींचा फोन आला. बाईंना दवाखान्यात हलवलं होतं.

दवाखान्यात बाई कॉटवर होत्या. लोखंडी कॉट, वर-खाली करायला हँडल, वर चांगली वीतभर जाड गादी. व्रताबद्दल तिथं कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगायला बाईंच्या तोंडावर मास्क होता. आण्णा जवळ गेले तसं त्यांनी हात उचलला आणि फरशीकडे बोट केलं. मग पुन्हा केलं.

"सिस्टर, यांना खाली घ्या."

"आजोबा, ऑक्सिजनची नळी पोचत नाही. आणि फरशी बर्फासारखी आहे."

फरशी बर्फासारखी आहे हे आण्णांना माहीत होतं. त्या विषयावर त्यांच्याइतका अभ्यास जिल्ह्यात कुणाचा नव्हता. ते बाहेर आले, केरबाला फोन लावला आणि म्हणाले, "एक पॅनेल उचक. कुठलंही."

"कुठलं बी म्हंजे दाराजवळचंच निगंल. सातवं."

केरबाची पिकअप संध्याकाळच्या आत सांगलीला आली, स्ट्रॉबेरीच्या खोक्यांवर पॅनेल ठेवून. दोघांनी ते उचललं तर दारात वॉचमन आडवा आला.

"फर्निचर आत न्यायला बंदी हाय."

"हे फर्निचर नाही," आण्णा म्हणाले. खिशात ते फर्निचर असल्याचा शिक्क्याचा दाखला होता. "ही जमीन आहे."

वॉचमनने पॅनेलकडे बघितलं, केरबाकडे बघितलं. "जमीन उचलून आणलाय व्हय?"

"व्हय," केरबा म्हणाला. "वैनीस्नी खाली झोपायचं हाय."

वॉचमनने वाट दिली. आत डॉक्टरांनी नियम सांगायला तोंड उघडलं, मग बाईंच्या कागदांवर नजर टाकली आणि मिटलं. कागदांत जे होतं त्याने नियमांची गरज संपवली होती. सिस्टरनी आणि केरबाने बाईंना अलगद धरलं, आण्णांनी गादी ओढून काढली आणि सातवं पॅनेल कॉटवर बसवलं. ते गादीपेक्षा फूटभर अरुंद भरलं. त्यावर चटई, चटईवर बाई.

बाईंनी हात चटईच्या कडेखाली घालून तळवा फळीवर ठेवला, जसा तव्यावर धरतात तसा अंदाज घेत. मास्क बाजूला केला.

"ऊब आहे."

दोन. आण्णांनी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. त्यानंतर मोजावं असं काही झालं नाही.

पॅनेल त्यांच्याबरोबरच जाऊ दे, असं आण्णा म्हणाले आणि स्मशानात ते चितेवर बाईंच्या कडेला ठेवलं. गल्ली सगळी आली होती. बिरदेवही कळून आला होता, हातात पोतं नव्हतं. उपाध्ये पुढे झाले, तसे आण्णा म्हणाले, "थांबा. उघडून बघितल्याशिवाय नाही."

"आण्णा," लालासाहेब हळू आवाजात म्हणाले, "राळंनं बुजवलंय न्हवं? आत काय आसणार?"

आण्णांनी पटाशी मागवून घेतली आणि झाकण उचललं. तिसऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात कोळी होता. तोच की दुसरा, हे सांगता येत नव्हतं. पण पॅनेल हवाबंद झालेलं नव्हतं, म्हणजे ऊब इन्सुलेशनची नव्हती, हे आरेखकाच्या लक्षात आलं. मग ती कशाची होती, की नव्हतीच, याचा विचार त्यांनी तिथं केला नाही.

काडी लावायची नाही, असं त्यांनी हाताने सांगितलं. साठ-सत्तर माणसं चितेभोवती एका कोळ्याकडे बघत उभी राहिली. कुणी घड्याळ बघितलं नाही. लालासाहेबांनी एकदा रुमाल काढला आणि परत ठेवला. बिरदेव उकिडवा बसून कोळ्याला मेंढरांशी बोलतात तसं "चल रं लेकरा, चल" म्हणाला. पंचवीस मिनिटांनी कोळी फळीच्या कडेवर आला, थांबला, खाली उतरला. आण्णा बाजूला झाले.

जानेवारीत नगरपालिकेचं पत्र आलं. जागेवर पाहणी केली असता फर्निचरचे पाय दिसून येत नाहीत, सबब हे स्थिर बांधकाम असल्याचे वाटते, खुलासा करावा. आण्णांनी पाचगणीहूनच स्वच्छ अक्षरात खुलासा पाठवला: "सदर खोलीत दोन बाय सहा फूट जमीन आहे. उरलेले सर्व फर्निचर."

दोन बाय सहा फूट म्हणजे सातव्या पॅनेलची रिकामी जागा. तिच्यात खालची माती उघडी होती आणि चटई तंतोतंत बसत होती. एका सकाळी केरबा स्ट्रॉबेरीची वाटी घेऊन आला, तर आण्णा त्या खड्ड्यात आडवे होते, डोळे उघडे, चादर मातीच्या ओलीने दमट.

"आवं आण्णा!" केरबा ओरडला. "नऊ फळ्या रिकाम्या पडल्यात, अन् तुमी भोकात? मरायचं हाय व्हय? चला, वर या."

"मी खाली झोपतो. तू फळीवर झोप नाहीतर पलंगावर. मी खालीच झोपणार."

केरबा वाटी ठेवून गेला. आण्णांनी सवयीने मोजलं. अकरा शब्द, एका श्वासात, कुठंही न अडखळता. मिरजेला दुरुस्त केलेलं हृदय छान चाललं होतं. आण्णांना लाज वाटली आणि त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली.